सुकतीचं वेळापत्रक

माझ्या थोरल्या नणंदबाई, बकुळावन्सं, मुंबईची नोकरी सोडून आमच्याकडे आल्या ते साल १९८३. मे महिना होता. सगळी रत्नागिरी आंब्याच्या पेट्या भरून मुंबईला पाठवत होती आणि उलट टपाली आमच्या दारात वन्सं उतरल्या. मी आधी सामान बघितलं. एक ट्रंक असती तर चार दिवसांची पाहुणी, दोन असत्या तर महिन्याची. ट्रंका तीन होत्या, वर एक टाइपरायटर आणि एक गुंडाळलेली गादी.

"वहिनी, कायमची आले हो," पायरीवर चपला काढता काढताच त्या म्हणाल्या. "हाकलायचं असेल तर चहाच्या आधी हाकला. चहा प्यायल्यावर मी हलत नाही."

मी चहा टाकला. दुसरं काय करणार?

वन्सं बेलार्ड पिअरच्या एका औषध कंपनीत पर्सोनेल ऑफिसर होत्या. टायपिस्ट म्हणून लागल्या आणि सतरा वर्षांत तिथवर चढल्या. आमच्या पालीच्या घराण्यात ऑफिसर म्हणवून घेणारं पहिलं माणूस म्हणजे त्या, आणि तेही बाईमाणूस, त्यामुळे त्यांचं कौतुक करावं की काळजी करावी हे गावाला कधी ठरवता आलं नाही. त्यांच्या केबिनला दार होतं, दारावर नाव होतं आणि आत एक फाइल होती. कंपनीतल्या बायकांचे राजीनामे त्या फाइलीत लावलेले असत. सतरा वर्षांत एकेचाळीस. कुणी पहिल्या बाळंतपणानंतर दिलेला, कुणी दुसऱ्या, कुणी सासू अंथरुणाला खिळली म्हणून. कारण मात्र सगळ्यांचं एकच, 'घरगुती अडचणीमुळे', कारण मजकूर वन्संच टाइप करून देत. मग बेचाळिसावी आली. तिचं मूल सात महिन्यांचं, सांभाळायला कोणी नाही. वन्संनी यंत्रात कागद घातला, 'घरगुती' एवढं टाइप केलं आणि त्यांची बोटं थांबली. त्या बाईला त्यांनी पंधरा दिवसांची रजा देऊन घरी पाठवलं आणि महिन्याभराने स्वतःचाच राजीनामा टाइप केला. कारण लिहिलं होतं, 'इतरांच्या घरगुती अडचणींसाठी'. साहेबाने दोनदा वाचून विचारलं, टायपिंगची चूक तर नाही ना.

लग्न त्यांनी केलं नव्हतं. एकदा ठरलं होतं, पण मुलाकडच्यांनी नोकरी सोडायची अट घातली आणि वन्संनी मुलगाच सोडला. ज्या नोकरीपायी नवरा सोडला ती आता दुसऱ्यांच्या संसारापायी सोडून बसल्या होत्या, आणि त्या दुसऱ्यांचा अजून पत्ताही नव्हता. मला राग आला होता, कशाला लपवू? मी भाट्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका. पहाटे उठून भाकऱ्या, दोन मुलांचे डबे, नवऱ्याचा डबा, शाळा, आल्यावर विहिरीचं पाणी आणि पुन्हा भाकऱ्या. बायकांचे प्रश्न काय असतात हे मुंबईच्या ऑफिसरने मला शिकवायची गरज नव्हती.

वन्संनी काही शिकवलंच नाही. त्यांनी आठ दिवस नुसतं पाहिलं आणि नवव्या दिवशी आपल्या धाकट्या भावाला, म्हणजे आमच्या ह्यांना, परातीपुढे बसवलं. "महिपत, सरकारी खात्यात पंधरा वर्षं कारकुनी केलीस, पीठ मळणं त्याहून अवघड नाही," असं म्हणाल्या. पहिल्या आठवड्यातल्या भाकऱ्या शेजारच्या गोदाकाकूंच्या म्हशीनेही हुंगून सोडून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात मी सकाळी वर्तमानपत्र वाचत चहा प्यायले, चौदा वर्षांच्या संसारात पहिल्यांदा. त्यानंतर वन्संवरचा राग मला काही टिकवता आला नाही.

पावसाळा सरल्यावर त्यांनी आमच्या शाळेमागची एक खोली धरली. होडीवाल्या धोंडूशेटची, जुनी जाळी ठेवायची. वासाचं मी बोलत नाही. वन्संनी ती चुन्याने पांढरी केली आणि त्याच जाळ्यांच्या झोळ्या करून वाशांना टांगल्या. पोरांनी झोळीत झोपायचं आणि आयांनी खाली बसून शिकायचं. कुणी सही, कुणी टायपिंग, कुणी अर्धवट राहिलेली परीक्षा. दारावर पाटी लागली, 'महिला मार्गदर्शन केंद्र, वेळ दुपारी दोन ते चार'. गावाने पाटी वाचली आणि आपलं नाव ठेवलं, 'बकुळाची झोळी'.

झोळीत पहिलं पोर पडलं ते गुणवंतीचं. गुणवंती खाडीकाठच्या सोनूबाईंची सून, वय तेवीस. नवरा आनंदा मुंबईला गोदीत, गणपतीला आणि शिमग्याला उगवणारा. नववी पास झाली आणि तिचं लग्न झालं. तिला नर्स व्हायचं होतं, आणि त्या प्रशिक्षणाला दहावी पास असावं लागे. वन्संनी तिचा बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म आणला, फोटो काढवून घेतला, आणि मग सासूची परवानगी घ्यायला आम्ही तिघी गेलो.

सोनूबाई ओट्यावर बसून गुडघ्याला तेल चोळत होत्या. अंगाने काटकुळ्या, आवाज मात्र खाडीच्या ह्या काठावरून त्या काठाला ऐकू जाणारा. त्यांचं घर चालायचं कालवांवर. खाडीच्या तोंडाशी कातळ आहे, ओहोटीला तो उघडा पडतो, आणि त्याला चिकटलेली कालवं बायका टोकदार लोखंडाने फोडून आतला गर डब्यात भरतात. ओहोटीला आमच्याकडे सुकती म्हणतात. सोनूबाईंचे गुडघे सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून कातळावर सून जायची.

"शिकू दे," त्या म्हणाल्या. "मी कोन नाय म्हननार? पन माजी येक सुकती चुकता कामा नये. ज्या दिवशी सुकती चुकली त्या दिवशी पुस्तक चुलीत. आधी सांगून ठेवतंय, मगे रडायचं नाय."

गुणवंतीने मान डोलावली. वन्संनी वही काढून ते वाक्य उतरवून घेतलं. ऑफिसची सवय, अट म्हटली की लिहून घ्यायची.

पहिले आठ दिवस खोली भरलेली. सतरा बायका, अकरा पोरं. जेवताना वन्सं आम्हाला हजेरीपट वाचून दाखवत. नवव्या दिवशी पाच बायका आल्या, दहाव्या दिवशी एक, मग कोणीच नाही. गुणवंतीसुद्धा नाही. चार-पाच दिवस असे गेले आणि पुन्हा सगळ्या हजर, काही झालंच नाही अशा चेहऱ्याने. वन्संनी हजेरीपट कॅलेंडरशी लावून बघितला आणि टाळी वाजवली.

"वहिनी, गळती एकादशीच्या सुमारास लागते. बिचाऱ्या उपाशीपोटी येणार कशा?"

"आणि मग द्वादशीला, त्रयोदशीला?" मी विचारलं.

"अशक्तपणा," त्या म्हणाल्या. त्यांच्या हाताखाली मुंबईत एक बाई होती, तिचे आठवड्याला चार उपास असत. त्या अनुभवावर त्यांचा फार भरवसा होता.

पुढच्या एकादशीला त्यांनी पातेलंभर साबुदाण्याची खिचडी केली, वर दाण्याची आमटी, आणि ह्यांच्या स्कूटरवर मांडीत धरून ती मासळीवर जगणाऱ्या वस्तीत नेली. शाळा सुटल्यावर मी बघायला गेले तर खोली रिकामी. जरा वेळाने सोनूबाई नातवाचं बोट धरून काठी टेकत आल्या. नातू सवयीने झोळीत जाऊन झोपला. त्यांनी दोन वाट्या खिचडी खाल्ली, तिसरी मागून घेतली आणि तोंड पुसलं.

"बरी झालीय. कसली गो ही पूजा?"

"पूजा नाही, एकादशी," वन्सं म्हणाल्या. "तुमच्या बायकांना उपास असतो ना?"

सोनूबाईंनी आधी माझ्याकडे बघितलं, मग वन्संकडे. "आमच्यात येकादशी कोन धरतां? बांगड्याचं तिखलं जेवून गेल्यत सगळ्या. बाय गो, येकादशीला पानी सव्वादोनाला सुकतां आनि तू दोनाला शाळा लावतंस. त्यांनी कातळावर जायचं का तुज्या झोळीत पडायचं?"

सव्वादोन कुठून काढले, असं वन्संनी विचारलं.

"तिथीची पाऊनपट. अकराची पाऊनपट सव्वाआठ, सव्वाआठाला भरती. तिथनं सा तासांनी सुकती. पोराटोरांना म्हायती हाय ह्यां."

ज्या बाईला सही येत नव्हती ती तिथीची पाऊणपट बोलता बोलता काढत होती, आणि आमच्या ऑफिसरबाईंना ती पडताळायला कागद लागला. मी इतकी हसले की झोळीतलं पोर उठून बसलं. वन्संही हसल्या, पण त्यांचे कान लाल झाले होते.

त्याच आठवड्यात दारावरची पाटी उतरली. वन्संनी पंचांग घेऊन वर्षभराच्या तिथ्या मांडल्या आणि भिंतभर तक्ता केला. तिथी, भरती, सुकती, आणि त्यावरून वर्गाची वेळ, कधी सकाळी सात तर कधी दुपारी चार. पाणी सुकेल तेव्हा कातळावर कोण आणि झोळ्यांपाशी कोण, हेही नावानिशी. तक्त्याचे कागद म्हणजे कंपनीची पत्रं. साहेब दर महिन्याला 'परत या' म्हणून लिहीत, जाड पांढऱ्या कागदावर, पाठ कोरी. वन्सं ती उलटी करून एकाखाली एक डकवत. "कागद उत्तम आहे, लिहू दे त्यांना," म्हणत. खोली पुन्हा भरली ती भरलीच.

गुणवंतीला गणिताची भीती होती. आकडे दिसले की ती डोक्यावरचा पदर सारखा करत बसे. त्यावर इलाज सोनूबाईंनीच केला, तोही न विचारता. सून भांडी घासत असली की ओट्यावरून हाक यायची, "नवमीची किती गो?" तिने "पावणेसात" म्हटलं की लगेच पुढची तिथी. पुस्तकाने जे तीन महिन्यांत जमवलं नाही ते सासूच्या आवाजाने महिन्यात जमलं.

फेब्रुवारीत परीक्षेचं वेळापत्रक आलं. वन्सं एकेक पेपर तक्त्यावर लिहायला लागल्या आणि बीजगणितापाशी थबकल्या. पेपर सकाळी अकराला, तिथी फाल्गुन वद्य पंचमी. पाचाची पाऊणपट पावणेचार, म्हणजे सुकती पावणेदहाला. आठपासून साडेअकरापर्यंत सगळं भाट्ये कातळावर. दुसऱ्या दिवशी षष्ठीला भूमिती, तीच रड. त्यात शिमग्याला आलेले चाकरमानी अजून गावातच, घरोघर कालवांची मागणी. वर्षातल्या सगळ्यात मोलाच्या दोन सुकत्या होत्या त्या.

वन्सं सोनूबाईंकडे तीनदा गेल्या. पहिल्यांदा म्हणाल्या, एवढ्या दोनच सुकत्या सोडा. "लिवून घेतलंस ना? वाच काय लिवलंस ता," सोनूबाई म्हणाल्या. दुसऱ्यांदा वन्संनी योजना नेली, बाकीच्या सोळाजणी मूठ मूठ कालवं गुणवंतीच्या डब्यात टाकतील. "दुसरीची कालवां माज्या डब्यात नकोत. आज मूट घेतली की उद्या तिच्याशी भांडायची सोय रवत नाय." तिसऱ्यांदा वन्सं म्हणाल्या, तिच्याऐवजी मी जाते. सोनूबाईंनी त्यांचे हात उलटसुलट करून बघितले आणि परत त्यांच्या मांडीवर ठेवले. आनंदा घरातच होता, पण पालखी नाचवून खांदा सुजलेला, आणि कालवं काढणं हे बाईचं काम, पुरुषाने तिकडे बघायचंही नाही असा शिरस्ता. आईपुढे ब्र काढायची त्याची टाप नव्हती.

त्या संध्याकाळी वन्संनी ताट सरकवलं. "वहिनी, माझ्या फाइलीत बेचाळिसावा कागद लागणार. केबिन नाही, कंपनी नाही, तरी लागणारच," म्हणाल्या आणि रडायला लागल्या. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं, आणि त्याहून वाईट वाटलं ते मी त्यांच्या ट्रंका मोजल्या होत्या त्याचं.

शेवटी गुणवंतीनेच तोड काढली. पाणी उतरायला लागल्याबरोबर आपण कातळावर शिरायचं आणि दहाच्या आत डबा भरायचा. भरला तर पेपर, नाहीतर नाही. पंचमीला सकाळी मी किनाऱ्यावर उभी होते, हातात तिची इस्त्रीची साडी आणि प्रवेशपत्र. आमचे हे रजा काढून रस्त्यावर स्कूटरपाशी उन्हात थांबले होते. वन्सं घोट्याएवढ्या पाण्यात, ना अलीकडे ना पलीकडे. गुणवंती पुढच्या कातळावर वाकून कालवं फोडत होती आणि तोंडाने सूत्रं म्हणत होती.

साडेनऊला डबा अर्धासुद्धा नव्हता. पावणेदहाला मी हाक मारली. तिने वर न बघता मान हलवली.

"बाई, आयेला शब्द दिलाय."

मी वन्संकडे बघितलं. तेवढ्यात मागून वाळूत काठी रुतल्याचा आवाज आला. सोनूबाई. त्यांनी नातवाला माझ्या कडेवर दिलं, काठी वाळूत रोवली, साडी खोचली आणि कातळावर पाय ठेवला. एकेक पाऊल टाकायला त्यांना किती वेळ लागत होता ते मला बघवत नव्हतं. गुणवंतीजवळ पोहोचल्या आणि तिच्या हातातलं लोखंड काढून घेतलं.

"जा."

"आये, डबा..."

"सुकती चुकता कामा नये म्हनलं होतं मी. कोनी जायचं ता कुठं म्हनलं होतं? हिनं लिवून घेतलंय, इचार तिला."

वन्संना वही बघायची गरज नव्हती. ते वाक्य त्यांना पाठ होतं, आणि पाच महिने तोंडपाठ असूनही त्यातली ही फट त्यांच्या ध्यानात आली नव्हती.

"हुबी काय ऱ्हायलीस? बाईंचा घो तिकडं उन्हात करपतोय," सोनूबाई म्हणाल्या.

गुणवंतीने उपड्या होडीमागे साडी बदलली आणि परक्या पुरुषाच्या स्कूटरवर मागे बसून ती निघाली. एरवी भाट्याला महिनाभर पुरेल असा तो विषय होता, पण त्या दिवशी सोनूबाईंचा कातळावरचा आवाज ऐकून कुणी तोंड उघडलं नाही.

वन्सं पुढे होऊन सोनूबाईंच्या शेजारी उकिडव्या बसल्या आणि दुसरं लोखंड घेतलं. पहिल्याच कालवाने त्यांचं बोट कापलं.

"असं नाय, सांध्यावर मार," सोनूबाई म्हणाल्या.

थोड्या वेळाने वन्संनी विचारलं, "मावशी, हे आधी का नाही सांगितलंत?"

"मला तरी कुठं म्हायती होतां? सकाळी पोर ती सूत्रां बोलत माज्या पुढनं गेली. मगे मला घरात बसवेना." त्या बोलत होत्या आणि हात चालूच होता. "मी दुसरीत होतंय. मास्तर म्हनायचे सोनूचं डोकं चालतां. येक दिवस आये शाळेच्या दारात इली, चल गो म्हनली, सुकती चुकंल. मी पाटी खिडकीत ठेवलंय आनि इलंय. ती न्यायला परत काय गेलंय नाय."

मी त्याच शाळेत शिकवते. त्या खिडकीत मी रोज खडूचा डबा ठेवते. कडेवरचं पोर माझा पदर ओढत होतं आणि मला समोरचं नीट दिसेना.

गुणवंती पास झाली, गणितात काठावर, आणि पुढे नर्सही झाली, हे सांगून टाकते, नाहीतर वाचणाऱ्याचा जीव टांगणीला. वन्संनी साहेबांना त्याच आठवड्यात एका ओळीचं उत्तर पाठवलं, 'माझी जागा भरावी'. पण मला सांगायचं आहे ते पंचमीच्या संध्याकाळचं.

गुणवंती पेपर देऊन आली तेव्हा सोनूबाईंचे गुडघे शहाळ्याएवढे झाले होते. "सगळं लिवलंस?" एवढंच त्यांनी विचारलं. एक उदाहरण राहिलं, ती म्हणाली. "ऱ्हावू दे. कालवां पन सगळी निगत नायत." मग काठी घेऊन, लेकाच्या खांद्यावर भार टाकत त्या खोलीत आल्या आणि थेट तक्त्यापुढे उभ्या राहिल्या.

"उद्या षष्ठी. साडेधाला सुकती आनि हिचा पेपर. हिचं नाव खोड. माजं लिव."

वन्संनी एकदा त्यांच्या गुडघ्यांकडे बघितलं. चिंधी बांधलेल्या बोटाने पेन धरून त्यांनी गुणवंतीचं नाव खोडलं आणि शेजारी लिहिलं, 'सोनूबाई'.

"कुठं हाय?"

वन्संनी त्यांचं बोट धरून अक्षरांवर ठेवलं. सोनूबाईंनी ते पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत नेलं आणि परत मागे आणलं.

"बारीक लिवलंस गो," त्या म्हणाल्या. "मोठं लिव. दारातनं दिसलं पायजे."